तुझं सिमेंट, माझं सिमेंट

सुजाता, तू गेल्यापासून मला सारखी झोप येते. जवळचं माणूस गेलं की झोप उडते म्हणतात, माझं उलटं झालंय. ओपीडीत एक पेशंट उठून दुसरा आत येईपर्यंत डोळे मिटतात. परवा एका बाईच्या मनगटाचं प्लास्टर कापताना मी इतका वेळ गप्प होते की तिनंच विचारलं, "म्याडम, तब्येत बरी न्हाई का?" मी म्हटलं, "बरी आहे, नुसती दमलेय." खरंच तेवढंच आहे. रडू फार येत नाही. गेलं वर्षभर लातूर-नांदेड जे येणं-जाणं झालं, त्याचा शीण आता अंगावर उतरलाय. तू होतीस तोवर तो कुठं थांबला होता कोण जाणे.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला तुझ्या कॉलेजातले लोक बोलले. तुझं शिक्षण, तुझे पेपर, तुझ्या हाताखालून शिकून गेलेल्या मुली, सगळं नीट सांगितलं. तुझ्या नवऱ्यानं, मिलिंदभाऊंनी, मलाही उठायची खूण केली. मी मानेनंच नको म्हटलं. मला तुझ्याबद्दल लोकांशी बोलायचं नव्हतं, तुझ्याशी बोलायचं होतं. आणि त्यातलं निम्मं तर भांडण आहे. पांढऱ्या साड्या नेसून समोर बसलेल्या तुझ्या मावश्यांपुढं ते कसं करणार? म्हणून इथं लिहितेय.

बारावीला लातूरच्या हॉस्टेलात आपण एका खोलीत होतो. मी चाकूरची, तू नांदेडची. दोघींनाही डॉक्टर व्हायचं होतं. त्या हॉस्टेलात डॉक्टर व्हायचं नाही अशी मुलगी मला तरी भेटली नाही. डब्यातली भाजी आंबलेली निघाली तर तू ती धुऊन खायचीस आणि वर मला सांगायचीस की आंबटपणा म्हणजे काय, तो कुठल्या आम्लामुळं येतो. मला तेव्हा तुझा राग यायचा. निकाल लागला. मी मेडिकलला लागले, तू थोडक्यात राहिलीस. तू माझी ट्रंक भरू लागलीस आणि चादरीची घडी घालता घालता म्हणालीस, "मी केमिस्ट्री घेऊन राहिले. तू बस आता हाडं पाठ करत."

कितीतरी वर्षांनी मी तुला विचारलं होतं, त्या दिवशी वाईट वाटलं होतं का? तू म्हणालीस, "वाटलं ना. लई वाटलं. पण तुला सांगून काय फायदा? तुझ्या तोंडावरचा आनंद गेला असता निस्ता."

पुढं मी लातूरला हाडांचा दवाखाना टाकला आणि तू नांदेडला कॉलेजात शिकवायला लागलीस. पीएचडी तू उशिरा केलीस, पोरगी शाळेत जायला लागल्यावर. विषय फोनवर सांगितलास तेव्हा मला वाटलं गंमत करतेस. म्हणालीस, "हाडात भरायचं सिमेंट. कॅल्शियम फॉस्फेटचं." मी म्हटलं, "अगं, माझ्याकडं आहे की सिमेंट. रोज वापरते." तू म्हणालीस, "तुझं ते प्लास्टिक हाय. एकदा येऊन बघ माझं."

मी आले. उन्हाळा होता आणि तू लॅबमधला पंखा बंद ठेवला होतास, कारण पावडर उडते. घामानं माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता. तू दोन डब्यांतून दोन पावडरी काढल्यास. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही कॅल्शियम फॉस्फेटच्याच. एक जरा आम्लाच्या बाजूची, दुसरी अल्कलीच्या. खलात त्या एकत्र केल्यास, सिरिंजनं मोजून पाणी सोडलंस आणि घोटायला लागलीस. आधी ते ओल्या वाळूसारखं फुटत होतं, मग एकदम श्रीखंडासारखं जमून आलं. मी म्हटलं, "अजून थोडं पाणी घाल की, सिरिंजमधून सुटेल तरी." तू मान हलवलीस. "पाणी वाढवलं की सुटतं छान. पण आत छिद्रं राहतात, मग ताकद जाते. इथंच तर सगळी परेशानी हाय."

ते तू एका छोट्या साच्यात भरलंस आणि त्यावर वजन लावलेली एक सुई हलकेच टेकवलीस. सुई आत गेली. थोडं थांबून पुन्हा टेकवलीस, पुन्हा गेली, पण कमी. आपण बोलत बसलो. घरचं, नवऱ्यांचं, माझ्या सासूचं. शेवटी एकदा सुई टेकवलीस तर तिचा ठसाही उठला नाही.

"वाळलं," मी म्हटलं.

"वाळलं न्हाई, रेखे. सिमेंट वाळत नसतंय. पाणी असतं म्हणून ते कडक होतं." आणि तू तो गोळा साच्यातून काढून अंगाइतक्या कोमट पाण्याच्या भांड्यात सोडून दिलास. मला वाटलं विरघळेल. तो तसाच तळाशी बसला.

मग तू मला समजावून सांगितलंस. पावडरीचे कण पाण्यात थोडे थोडे विरघळतात. पाण्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं होतं की त्याला ते झेपत नाही, मग ते पुन्हा घट्ट होऊन बाहेर पडतं. पण बाहेर पडतं ते जुन्या रूपात नाही, नव्या खनिजाच्या रूपात, जवळजवळ आपल्या हाडातलं असतं तसंच. त्याचे बारीक बारीक सुईसारखे स्फटिक जुन्या कणांवर उगवतात, वाढतात आणि शेजारच्या कणावरच्या सुयांमध्ये घुसतात. तू कॉम्प्युटरवर मोठ्ठा केलेला फोटो दाखवलास. मला तो आमच्या शेताच्या कुंपणासारखा दिसला, काटेरी बोराटीच्या फांद्या एकमेकींत रोवून करतात तसल्या. तू म्हणालीस, "तसंच समज. चिकटवलेलं काही न्हाई त्यात. निस्तं गुंतलेलं हाय. अन् जितकं गुंततं तितकं कडक."

"किती वेळात?"

"सेट व्हायला चहा पिऊन होतो तेवढ्यात होतं. पण सेट होणं वेगळं अन् कडक होणं वेगळं. पूर्ण ताकद यायला दिवस जातात."

"दिवस? आणि तोवर माझ्या पेशंटनं काय करायचं?"

"पडून राहायचं," तू म्हणालीस, इतकी सहज की मी हसले.

आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि ते कधी संपलं नाही. माझं सिमेंट, ज्याला तू प्लास्टिक म्हणायचीस, ते ॲक्रिलिकचं. कालवलं की हातात तापत जातं, बघता बघता दगड होतं, आणि सांधा बदललेली म्हातारी दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहते. ते हाडाशी कधी एक होत नाही, पण आधार देतं. तुझं तापत नाही, हाडाला भाजत नाही, आणि वर्षानुवर्षं हळूहळू हाड ते कुरतडत जातं व त्या जागी स्वतःला भरत जातं. पण तुझं वाकवलं की तडकतं. मी म्हणायचे, "सुजाता, माणूस चालतो, वळतो, बैलगाडीतून उडी मारतो. नुसत्या दाबाचं गणित त्याला पुरत नाही." तू म्हणायचीस, "मग तू जागा बघून वापर ना. सगळीकडं एकच कामून ठोकतीस?" रविवारी दुपारी फोन यायचा. जेवून आडवं व्हावं म्हणते तोच तुझा आवाज, "हां, तर मी काय म्हणत होते..." मागच्या रविवारचं वाक्य तिथून पुढं.

तुझी मोठी अडचण रक्ताची होती. पेस्ट सेट व्हायच्या आत रक्त लागलं की ती वाहून जायची. तू त्यात काय काय घालून पाहिलंस. मग एकदा तुला तुमच्या गल्लीतली चिंचोक्याची खळ आठवली. जयंतीच्या आधी सगळी पोरं बसून निळ्या कागदाच्या पताका दोऱ्याला चिकटवायची, त्यासाठी तुझी आई चिंचोके भाजून, सोलून, दळून खळ शिजवायची. तू त्याच चिंचोक्याचा गर शुद्ध करून पेस्टमध्ये घातलास. पेस्ट रक्तात टिकायला लागली. पण सेट व्हायला दुप्पट वेळ घ्यायला लागली, कारण खळ कणांवर बसून नव्या सुयांना उगवू देईना. तू फोनवर म्हणालीस, "एक धरावं तर दुसरं सुटून राहिलं, रेखे. बेजार झाले." तरी तू सोडलं नाहीस. पाण्यात सोडियम फॉस्फेट वाढवून, पावडर आणखी बारीक दळून ते पुन्हा मार्गावर आणलंस. सशांवरच्या चाचण्यांपर्यंत ते गेलं. माणसापर्यंत यायचं तर पुढं फार मोठी वाट होती आणि एका कॉलेजच्या लॅबला ती झेपणारी नव्हती. त्यात कुणाचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. तुला काय वाटायचं ते तू बोलली नाहीस.

माझी आई माहूरला पडली तेव्हा तू माझ्या आधी दवाखान्यात पोचली होतीस. चाकूरच्या बायकांबरोबर ती जीपनं देवीला गेली होती. पायऱ्यांवर नारळाचं पाणी सांडलेलं, त्यावरून पाय सटकला. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. बायकांनी तिला तशीच मागच्या सीटवर आडवी घातली आणि नांदेडला आणली, आणि मला फोन करायच्या आधी तुला केला, कारण तू नांदेडात होतीस. मी लातूरहून पोचले तर तू तिच्या उशाशी बसलेली, आणि आईच्या मुठीत देवीच्या प्रसादाच्या तांबुलाची पुडी तशीच. "तुझ्यासाठी आणलीय," आई म्हणाली. "चुरगळली जरा."

गुडघ्याखालच्या हाडाचा वरचा भाग खचला होता. तो खालून उचलून जागेवर आणायचा आणि खाली जी पोकळी राहते ती भरायची. माझी नेहमीची पद्धत म्हणजे कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून तिथं भरायचं. तू मला व्हरांड्यात बाजूला घेतलंस. "म्हातारीला दोन ठिकाणी कामून कापता? कमरेचं हाड तिचं असं किती चांगलं असणार? हितं दाबच हाय, पिळणं न्हाई. ही माझ्या सिमेंटची जागा हाय." मग तू थांबलीस. "माझ्या म्हणजे, बाजारात मिळतं त्याची. माझं असतं तर..." ते वाक्य तू पुरं केलं नाहीस. मीही त्याला हात लावला नाही. कंपनीचं पाकीट मागवलं.

ऑपरेशन माझ्या एका मित्रानं केलं. आपल्या आईवर आपला हात चालत नाही. मी नुसती हात धुऊन शेजारी उभी होते. आत जायच्या आधी तू आम्हा दोघांना सांगितलं होतंस: पोकळी कोरडी करा, रक्त साचू देऊ नका. भरल्यावर पाय अजिबात हलवू नका, कारण सुया गुंतत असताना हलवलं की त्या मोडतात आणि मग पुन्हा तशा गुंतत नाहीत. आणि बाहेर ट्रेमध्ये उरलेला गोळा कडक झाला की नाही यावर जाऊ नका, इथं एसीची थंडी आहे, आत अंगाची ऊब आहे, आत आधी सेट होईल. आम्ही भरलं आणि थांबलो. मला ऑपरेशनमध्ये थांबायची सवय नाही. रक्त येतं, भूल उतरत असते, हात सतत काहीतरी करत असतात. आईचा पाय दोन्ही हातांनी धरून मी उभी राहिले आणि खोलीत कुणी बोलेना. एवढ्या वर्षांत मी आईचा पाय इतका वेळ धरला नव्हता. मला तेव्हाही फार दमल्यासारखं वाटलं, पण ते वाईट दमणं नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर आईनं तुलाच विचारलं. "सुजाता, माझ्या गुडघ्यात काय भरलं म्हनं तुमी?"

"हाडाचंच मीठ हाय, आई. तुमचं हाड हळूहळू ते खाईल अन् तिथं आपलं नवं हाड करील."

आई विचारात पडली. "खाऊन राहिलंय का मग आत्ता?"

"आत्ता न्हाई. आत्ता निस्तं बसलंय. तुमी बी बसा."

पुढं दर वेळी एक्स-रे काढला की आई मला विचारायची, किती खाल्लं? तो पांढरा ठिपका कडांनी पुसट होत गेला. वर्षं गेली तरी मधे थोडा शिल्लक आहेच. मी त्याचा फोटो तुला पाठवायचे आणि तू परत लिहायचीस, "म्हातारीला सांग, घाई न्हाई." आई आज अंगणात चालते. तू गेल्याचं तिला मी सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि एवढंच म्हणाली, "माझ्या आधी कशी गेली गं ती?"

तुझ्या छातीतली गाठ काढून बरीच वर्षं झाली होती. आपण ती विसरलो होतो, निदान तसं दाखवत होतो. पाठ दुखायला लागली तेव्हा तू लॅबमधल्या स्टुलाला दोष दिलास. मिलिंदभाऊंनी नवीन खुर्ची आणली. दुखणं थांबेना तेव्हा तू पाठीची फिल्म काढलीस आणि कुणाला न दाखवता, एसटीनं, माझ्याकडं लातूरला घेऊन आलीस. दुपारची वेळ होती. ओपीडी संपलेली. तू ती फिल्म स्वतःच उजेडावर लावलीस.

कमरेच्या वरचा एक मणका बसला होता. का बसला होता ते दोघींनाही दिसत होतं.

"इथं भरावं लागेल ना?" तू विचारलंस.

"औषधं चालू होतील, किरणांचा शेक देतील. पण दुखणं थांबवायला हा भरावा लागेल. नांदेडला चांगला माणूस आहे, मी बोलते त्याच्याशी."

"मी दुसऱ्याकडं न्हाई जाणार. तूच भर." मग, "कोणतं भरशील?"

मी गप्प बसले. आपल्या भांडणात मी कधी गप्प बसत नसे, म्हणून तुला लगेच कळलं.

"बरोबर हाय तुझं," तू म्हणालीस. वर्गात सांगतेस तसं, सावकाश, फिल्मकडं बघत. "पाठीला वाकणं हाय, पिळणं हाय, माझं तडकेल. अन् माझ्याला जितं हाड लागतं शेजारी. ते खाणारं, नवं करणारं कुणीतरी लागतं. हितं ते काम करणारं कुणी उरलं न्हाई. हितं आधारच पाहिजे निस्ता, अन् आजच पाहिजे."

मला खूप काही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बस, चहा सांगते." तू म्हणालीस, "साखर कमी सांग." आपण चहा प्यायलो. तुझा कप रिकामा झाल्यावरही तू तो हातात धरून बसली होतीस.

ते ऑपरेशन जागेपणी करतात, तेवढीच जागा बधिर करून. तू टेबलावर पालथी होतीस, तोंड माझ्या बाजूला. मी एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई मणक्यात नेली. सिमेंट कालवल्याचा वास खोलीत पसरला. तू नाक मुरडलंस. "लई घाण वास हाय तुझ्या सिमेंटचा."

"बोलू नकोस, हलतेस."

"कसं हाय आत्ता? टूथपेस्टवानी झालं का?"

"झालं. आता सोडते. दुखलं तर सांग."

मी थोडं थोडं सोडत गेले. काळी सावली मणक्यात पसरत गेली आणि जिथं थांबायला हवी तिथं थांबली. बाकी उरलेला गोळा सिस्टरच्या हातात होता, कडक झाला की कळावं म्हणून आम्ही तो ठेवतो. तू तो मागितलास. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हटलं. तिनं तुझ्या हातात मोजा चढवून त्यात तो ठेवला. तू तो बोटांनी दाबत राहिलीस, डोळे मिटून, जशी तू लॅबमध्ये काही तपासायचीस तशी.

"मऊ हाय," तू म्हणालीस. मग, "गरम होऊन राहिलं." मग, "आता दबत न्हाई."

"आतही झालं," मी म्हटलं.

"इत्तं लवकर," तू म्हणालीस. तुझ्या आवाजात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आताही सांगता येणार नाही. कौतुक असेल. कंटाळाही असेल. त्या सगळ्या वर्षांचं काहीतरी असेल.

दुखणं खूप उतरलं. मिलिंदभाऊंचा फोन आला, "ताई, आज जिना चढून लॅबला गेली ती." त्यांच्या आवाजावरून वाटलं की ते खाली रस्त्यावर उभे राहून तिथूनच बोलत असावेत. काही महिने तू लॅबला जात राहिलीस, पट्टा बांधून. मुलींकडून खल घोटून घेतलास, चुकलं की पुन्हा घोटायला लावलंस. रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले, पण आता तू भांडत नव्हतीस. मीच उकरून काढलं एकदा. म्हटलं, "काय गं, माझं प्लास्टिक कसं आहे?"

"चांगलं हाय," तू म्हणालीस. "त्याच्यावर उभी हाय मी. पण परकं वाटतं. पाहुण्यासारखं. तुझ्या आईच्या गुडघ्यातलं तिचं झालं, तसं हे माझं व्हायचं न्हाई."

"आधार तर देतंय."

"देतंय की. म्हणून तर भांडत न्हाई."

मग आजार यकृतात गेला आणि पाठीचं कुणी विचारेनासं झालं. मी जमेल तेव्हा येत राहिले. सकाळच्या शस्त्रक्रिया उरकायच्या, गाडीत बसायचं, चाकूरला आईच्या हातची भाकरी घ्यायची, अहमदपूर, लोहा, उन्हात तुझ्या दारात. तू झोपलेली असायचीस. मी शेजारच्या खुर्चीत बसून तिथंच पेंगायचे. एकदा मी जागी झाले तर तू जागी होतीस आणि माझ्याकडं बघत होतीस. "थकलीस तू," म्हणालीस. "नको येत जाऊ इत्तं." मी म्हटलं, "येऊ दे." एवढंच आपलं बोलणं झालं त्या दिवशी.

तुला भीती वाटत होती का, हे मी विचारलं नाही. तू मरणाबद्दल एक शब्द काढला नाहीस. आणि मी तुला सांगितलं नाही की तुझी ती चिंचोक्याची पेस्ट मला आवडली होती. तू शेवटच्या सुधारणेनंतर मला ती हातात दिली होतीस, आणि मी काहीतरी खोट काढली होती, फार सावकाश सेट होते किंवा असंच काही. पण हाताला ती बरोबर वाटली होती. हाडात हात घालणाऱ्याला कळतं ते. बोटाखाली ती न सांडता बसली होती, जिथं दाबली तिथं राहिली होती. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत राहिले. आता सांगते. चांगली होती, सुजाता. मी ती वापरली असती.

तू दुपारी गेलीस. मी वाटेत होते, लोह्याच्या अलीकडं. फोन आल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ नुसती बसले. मग पुन्हा चालू केली, कारण यायचं तर होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीच्या काठी अस्थी वेचायला मिलिंदभाऊ, तुझी मुलगी, तुझ्या लॅबमधल्या दोघी-तिघी आणि मी होतो. राख पाण्यानं विझवली होती. मिलिंदभाऊ शाळेत इतिहास शिकवतात. तुझं काम त्यांना कधी फारसं कळलं नाही, पण तुझ्या पाठीत काय भरलंय ते त्यांना माहीत होतं. ते राखेसमोर उकिडवे बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, तुमी भरलं होतं ते कोनतं? ते बाजूला काढू का?"

मीही बसले. मणक्यांची जागा मला ओळखता आली, एवढ्या वर्षांचा धंदा आहे. मी हातानं राख बाजूला केली. तिथं माझं काही नव्हतं. मला माहीत होतं की नसणार, ॲक्रिलिक जळून जातं, पण तरी मी शोधलं. पांढरी, हलकी, भुसभुशीत हाडं तेवढी होती.

"ते जळून गेलं, भाऊ," मी म्हटलं. "हे जळत नाही. हे खनिज आहे."

"म्हणजे हे सगळं तिचंच?"

"सगळं तिचंच."

त्यांनी मान हलवली. तुझ्या मुलीनं मडकं पुढं धरलं. आम्ही वेचायला लागलो, आणि तुझ्या विद्यार्थिनींमधली एकजण न सांगता माझ्या शेजारी येऊन बसली व फार हलक्या हातानं, एकही तुकडा न मोडता, वेचू लागली.